शार्त्रच्या खिडक्या : काचेत मांडलेले धर्मशास्त्र

पॅरिसच्या नैर्ऋत्येस सुमारे ८० किलोमीटरवर शार्त्र हे शहर आहे. तेथील कुमारी मरीयेला वाहिलेले कॅथेड्रल, म्हणजे बिशपचे पीठ असलेले मुख्य चर्च, मध्ययुगीन रंगीत काचेचा जगातील सर्वांत अखंड राहिलेला संग्रह मानले जाते. तेथे १७० हून अधिक खिडक्या असून त्यांतील काचेचे एकूण क्षेत्रफळ अडीच हजार चौरस मीटरांहून जास्त भरते. यांतील बहुतेक काचा इ. स. १२०५ ते १२४० या काळातल्या आहेत. १० जून ११९४ रोजी लागलेल्या आगीत जुने चर्च जवळजवळ पूर्ण जळाले, परंतु पश्चिमेचा दर्शनी भाग, त्यातील तीन उंच खिडक्या आणि मरीयेचे वस्त्र म्हणून पूजला जाणारा पवित्र अवशेष अशा मोजक्या गोष्टी मात्र वाचल्या. हा अवशेष सुखरूप राहिला, याचा अर्थ मरीयेला येथे अधिक भव्य मंदिर हवे आहे, असा लोकांनी लावला. त्या श्रद्धेच्या बळावर पुढच्या काही दशकांत आजची वास्तू उभी राहिली आणि १२६० मध्ये राजा नववा लुई याच्या उपस्थितीत तिचा अभिषेक झाला.

या खिडक्यांवरील प्रतीकांचा परिचय करून देताना सामान्यतः एक यादी दिली जाते, ज्यात कबुतर म्हणजे पवित्र आत्मा, कोकरू म्हणजे ख्रिस्त, किल्ल्या म्हणजे संत पेत्र अशा जोड्या असतात. ही यादी चुकीची नाही आणि उपयोगीही आहे. तथापि तिच्यावरच थांबल्यास खिडकीचे मुख्य म्हणणे हाती लागत नाही, कारण मध्ययुगीन खिडकीत एखाद्या चिन्हाचा पूर्ण अर्थ ते कुठे बसवले आहे, त्याच्या शेजारी, खाली आणि वर काय आहे, ते कोणत्या दिशेच्या भिंतीत आहे आणि त्यातून कोणत्या वेळी ऊन येते, या सर्वांवरून ठरतो. शार्त्रची खिडकी ही रंगीत चित्रांची मालिका असतेच, पण त्याहून अधिक ती एक युक्तिवाद असते, आणि तिच्यातील चिन्हे त्या युक्तिवादाच्या पायऱ्या असतात. प्रस्तुत प्रकरणात शार्त्रमधील काही निवडक खिडक्यांच्या आधारे हा युक्तिवाद कसा रचला जातो, ते पाहावयाचे आहे.

प्रकाश : पहिले प्रतीक

खिडकीवर एकही आकृती काढलेली नसती तरी तिच्यातून येणारा प्रकाश मध्ययुगीन ख्रिस्ती मनाला अर्थपूर्ण वाटला असता. बायबलच्या पहिल्या ग्रंथात, म्हणजे उत्पत्तीच्या पुस्तकात, देवाच्या आज्ञेने सर्वांत आधी प्रकाश निर्माण होतो. योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे ख्रिस्ताचे जीवन सांगणाऱ्या चार ग्रंथांपैकी एकात, ख्रिस्ताला जगाचा प्रकाश म्हटले आहे, आणि बायबलच्या अखेरच्या ग्रंथात, प्रकटीकरणात, स्वर्गीय यरुशलेमचे जे वर्णन येते त्यात नगराचा पाया रत्नांनी मढवलेला असून नगर स्वच्छ काचेसारखे पारदर्शक आहे. चर्चची वास्तू ही त्या स्वर्गीय नगरीची पृथ्वीवरील प्रतिमा मानली जात असल्यामुळे, रत्नांसारख्या तेजाळ काचेच्या भिंती उभारणे म्हणजे त्या वर्णनाला दृश्य रूप देणे होते.

या कल्पनेला तात्त्विक बैठक पुरवणाऱ्या लेखनात इ. स. ५०० च्या सुमारास डायोनिसियस या नावाखाली रचलेल्या ग्रंथांचे स्थान मोठे आहे. या ग्रंथांनुसार देव हा परमप्रकाश असून सृष्टीतील प्रत्येक वस्तू आपापल्या योग्यतेनुसार त्या प्रकाशाचा अंश धारण करते, आणि म्हणून दृश्य तेजाच्या आधाराने मन अदृश्य तेजाकडे चढत जाऊ शकते. पॅरिसजवळच्या सँ-दनी येथील मठाचे प्रमुख सुजेर यांनी आपल्या चर्चच्या पूर्व भागाची पुनर्रचना करून ११४४ मध्ये त्याचा अभिषेक करवला. आपण बसवलेल्या खिडक्या मनाला जडाकडून चेतनाकडे नेतात, अशा आशयाचे विवेचन त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. सुजेर यांच्या विचारावर डायोनिसियसचा प्रभाव नेमका किती होता याबद्दल अभ्यासकांत मतभेद असले, तरी गॉथिक वास्तुकलेच्या आरंभीच खिडकीला हा अर्थ दिला गेला होता, हे त्यांच्या लेखनावरून स्पष्ट होते.

वास्तुशास्त्राने या विचाराला साथ दिली. टोकदार कमानी, छताचा भार ठरावीक बिंदूंवर आणणाऱ्या दगडी बरगड्या आणि तो भार बाहेरून पेलणारे अधांतरी आधार, ज्यांना फ्लाइंग बट्रेस म्हणतात, यांच्यामुळे भिंतीवरचे ओझे कमी झाले आणि तिच्या जागी मोठमोठ्या खिडक्या बसवता आल्या. शार्त्रच्या मुख्य दालनाचे छत सुमारे ३७ मीटर उंच आहे आणि त्या उंचीवरही भिंतीपेक्षा काचच अधिक दिसते.

काचेच्या पारदर्शकतेला आणखी एक विशिष्ट अर्थ होता. सूर्यकिरण काचेतून आरपार जातो, तिचा रंग घेऊन पलीकडे येतो आणि तरीही काच भंगत नाही. मरीयेच्या कौमार्याला बाध न येता ख्रिस्ताचा जन्म झाला हे ख्रिस्ती श्रद्धेतील गूढ समजावून सांगण्यासाठी मध्ययुगीन लेखक आणि उपदेशक हाच दाखला पुनःपुन्हा देत. मरीयेला वाहिलेल्या चर्चमध्ये काच हे माध्यम स्वतःच तिचे प्रतीक होते.

काच कशी घडे

प्रतीकांची रचना समजण्यासाठी कारागिरीची ओळख आवश्यक आहे, कारण खिडकीची भाषा तिच्या घडणीतूनच आलेली आहे. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात थिओफिलस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका साधूने चित्रकला, काचकाम व धातुकाम यांवर ग्रंथ लिहिला. त्यात बीच या झाडाच्या लाकडाची दोन भाग राख आणि एक भाग स्वच्छ वाळू भट्टीत वितळवून काच करण्याची रीत दिली आहे. काचेला निळा रंग कोबाल्टच्या संयुगांमुळे, जांभळा मँगनीजमुळे, तर हिरवा व लाल तांब्यामुळे मिळे. तांब्याचा लाल रंग इतका गडद होई की पूर्ण जाडीची लाल काच काळी दिसली असती, म्हणून स्वच्छ काचेवर लाल काचेचा पातळ थर चढवून ती वापरत.

चुना फासलेल्या लाकडी फळीवर खिडकीचा आराखडा पूर्ण आकारात काढला जाई. त्यावर काच ठेवून तापलेल्या लोखंडी सळईने ती हव्या त्या रेषेवर तडकवत आणि कडा खाच असलेल्या हत्याराने कुरतडून नेमक्या करत. मग चेहरा, बोटे, वस्त्राच्या चुण्या, अक्षरे हे बारकावे धातूचे भस्म आणि काचेची पूड द्राक्षारसात किंवा मूत्रात कालवून केलेल्या गडद रंगाने रंगवत, आणि तो रंग काचेत पक्का बसावा म्हणून तुकडे पुन्हा भट्टीत भाजत. अखेरीस दोन्ही बाजूंना खाचा असलेल्या शिशाच्या पट्ट्यांत हे तुकडे अडकवून, पट्ट्यांचे सांधे डाखून, तयार झालेले फलक दगडी चौकटीतील लोखंडी जाळीवर चढवले जात.

या जाळीचे महत्त्व विशेष आहे. बाराव्या शतकातील खिडक्यांत ती सरळ उभ्या-आडव्या पट्ट्यांची असे. तेराव्या शतकात मात्र लोखंड वाकवून वर्तुळे, चौकोन, चौपाकळी फुले असे आकार घडवले जाऊ लागले आणि प्रत्येक आकारात एकेक प्रसंग बसवला गेला. कोणते प्रसंग एकाच फुलाच्या पाकळ्यांत येतात आणि कोणता प्रसंग मध्यभागी येतो, हे लोखंडच ठरवू लागले. अशा रीतीने खिडकी पेलणारी जाळी तिच्या अर्थाचा सांगाडाही झाली. वाचनाचा सामान्य क्रम खालून वर आणि बहुधा डावीकडून उजवीकडे असतो, म्हणजे कथा पुढे सरकते तशी दृष्टी आकाशाकडे चढते.

ओळखीच्या खुणा

दूरवरून आणि खालून पाहणाऱ्याला व्यक्ती ओळखता यावी म्हणून काही संकेत ठरलेले होते. डोक्यामागचे तेजोवलय पवित्र व्यक्तीची खूण असते, परंतु ज्या वलयात क्रूस कोरलेला असतो ते केवळ ईश्वरी व्यक्तीचे, प्रामुख्याने ख्रिस्ताचे असते. ख्रिस्त, त्याचे प्रेषित, म्हणजे त्याने निवडलेले बारा शिष्य, आणि देवदूत बहुधा अनवाणी दाखवले जातात. ढगातून बाहेर आलेला हात हा पिता परमेश्वराच्या हस्तक्षेपाचा संकेत आहे. पेत्राच्या हाती स्वर्गराज्याच्या किल्ल्या, पौलाच्या हाती त्याचा शिरच्छेद करणारी तलवार, अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरिनजवळ तिच्या छळासाठी बनवलेले चाक, अशा रीतीने संतांच्या हातात त्यांच्या अधिकाराचे किंवा हौतात्म्याचे साधन दिलेले असते. यहेज्केल या संदेष्ट्याच्या दर्शनातून आणि प्रकटीकरणातून घेतलेले चार सजीव प्राणी चार शुभवर्तमानकारांचे निदर्शक ठरले, त्यांत मत्तयासाठी पंख असलेला मनुष्य, मार्कसाठी सिंह, लूकसाठी बैल आणि योहानासाठी गरुड असतो.

संख्या व आकार यांनाही अर्थ होता. तीन ही त्रैक्याची, म्हणजे पिता, पुत्र व पवित्र आत्मा या एकाच देवाच्या तीन व्यक्तींची संख्या. चार ही पृथ्वीच्या दिशांची. बारा ही इस्राएलच्या वंशांची व प्रेषितांची. आदी-अंत नसलेले वर्तुळ शाश्वताचे सूचक होते.

रंगांच्या बाबतीत मात्र सावधगिरी हवी. प्रत्येक रंगाला एकच ठरावीक अर्थ होता, असे मध्ययुगीन खिडक्यांवरून म्हणता येत नाही. अनेकदा आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी उठून दिसावी आणि शेजारच्या फलकांचा तोल साधावा, यासाठीच रंग योजले जात. तरीही काही ठिकाणी रंगाची निवड अर्थासाठीच झालेली दिसते. दक्षिण बाजूच्या, सुंदर खिडकीची मरीया या अर्थाच्या फ्रेंच नावाने प्रसिद्ध असलेल्या खिडकीत मांडीवर बाल येशूला घेऊन सिंहासनावर समोर तोंड करून बसलेली मरीया आहे. तिचे वस्त्र अतिशय फिकट, उजळ निळे असून मागची काच माणिकासारखी लाल आहे. निळा प्रकाश नजरेला पसरत पुढे आल्यासारखा भासतो आणि लाल मागे राहतो, त्यामुळे मरीया खिडकीच्या पृष्ठभागावरून पुढे सरसावलेली दिसते. हे फलक ११८० च्या सुमाराचे असून आगीतून वाचल्यावर तेराव्या शतकात त्यांच्याभोवती देवदूतांचे नवे फलक जोडून ते पुन्हा बसवले गेले. ज्ञानस्वरूप ख्रिस्त जिच्या मांडीवर बसला आहे ती मरीया म्हणजे ज्ञानाचे सिंहासन, अशी ही मांडणी आहे. मरीयेच्या डोक्यावर उतरणारे कबुतर हा पवित्र आत्मा आहे. म्हणजे उंचावरून आत्मा, मध्ये माता आणि तिच्या मांडीवर पुत्र अशी एकच उभी रेषा येथे साधली असून देव मनुष्य कसा झाला याचे उत्तर त्या रेषेतच आहे.

इशायचा वृक्ष

पश्चिम भिंतीतील तीन खिडक्या सुमारे ११४५ ते ११५५ या दरम्यानच्या, म्हणजे आगीपूर्वीच्या आहेत. आत उभे राहून पश्चिमेकडे तोंड केल्यास उजवीकडे इशायचा वृक्ष, मध्यभागी ख्रिस्ताचा अवतार व बालपण आणि डावीकडे त्याचे दुःखसहन व पुनरुत्थान असा क्रम लागतो. वंश, जन्म आणि मृत्यूवरचा विजय अशी ही तीन पर्वे आहेत.

इशाय हा इस्राएलचा राजा दावीद याचा पिता. इशायच्या बुंध्याला धुमारा फुटेल आणि त्यावर परमेश्वराचा आत्मा विसावेल, अशा आशयाचे भाकीत यशया या संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे. चित्रकारांनी या भाकिताला शब्दशः दृश्य रूप दिले. खिडकीच्या तळाशी इशाय निजलेला आहे आणि त्याच्या देहातून झाडाचे खोड वर चढते आहे. त्या खोडावर एकावर एक चार राजे बसलेले असून त्यांनी दोन्ही हातांनी फांद्या धरल्या आहेत. त्यांच्यावर मरीया आणि सर्वांत वर ख्रिस्त आहे. ख्रिस्ताभोवती सात कबुतरे आहेत, ती पवित्र आत्म्याच्या सात दानांची प्रतीके होत. दोन्ही कडांच्या अर्धवर्तुळांत संदेष्टे उभे आहेत, कारण वंशावळ रक्ताची असली तरी तिचा अर्थ आधी सांगून ठेवणारे तेच होते. सुजेर यांच्या सँ-दनीतही याच विषयाची खिडकी होती आणि शार्त्रची रचना तिच्या अगदी जवळची आहे.

येथे वृक्ष या एका चिन्हात तीन अर्थ एकत्र आले आहेत. तो वंशवृक्ष आहे, भाकिताची पूर्तता आहे, आणि एदेन बागेतील ज्या झाडाच्या फळामुळे मनुष्य पतित झाला त्याचा प्रतिपक्षही आहे. हा तिसरा अर्थ एकट्या खिडकीत दिसत नाही, तो डावीकडच्या दुःखसहनाच्या खिडकीतील क्रुसापाशी उलगडतो. तेथे क्रूस हिरव्या काचेचा आहे, म्हणजे मेलेल्या लाकडाऐवजी जिवंत झाड म्हणून तो दाखवला आहे. एका झाडामुळे मृत्यू आला आणि दुसऱ्या झाडामुळे जीवन परत मिळाले, हा ख्रिस्ती विचार एका रंगाने व्यक्त झाला आहे.

चांगला शोमरोनी : दोन कथांची एक खिडकी

मध्ययुगीन प्रतीकपद्धतीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण शार्त्रच्या मुख्य दालनाच्या दक्षिण बाजूस, चांगल्या शोमरोन्याच्या खिडकीत मिळते. या खिडकीचा पाया असलेल्या विचारपद्धतीला पूर्वछायावाद म्हणता येईल. तिच्यानुसार जुन्या करारातील, म्हणजे ख्रिस्तपूर्व काळातील यहुदी धर्मग्रंथांतील घटना या ख्रिस्ताच्या जीवनातील घटनांची आगाऊ पडलेली छाया असतात. योना तीन दिवस माशाच्या पोटात राहिला, ही ख्रिस्ताच्या कबरीतील वास्तव्याची छाया. इसहाकाने स्वतःच्या बलिदानासाठी लाकडे वाहून नेली, ही क्रूस वाहण्याची छाया. मोशेने रानात खांबावर उंच केलेला पितळी सर्प, ही क्रुसावर चढवल्या गेलेल्या ख्रिस्ताची छाया.

लूकच्या शुभवर्तमानातील दृष्टांत असा आहे. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या एका माणसाला लुटारू मारून, नागवून, अर्धमेला टाकून जातात. एक याजक आणि मंदिरसेवेच्या कुळातला एक लेवी त्याला पाहून बाजूने निघून जातात. यहुदी ज्यांना परके मानत त्या शोमरोन प्रांतातला एक माणूस मात्र त्याच्या जखमा बांधतो, आपल्या जनावरावर बसवून त्याला उतारशाळेत नेतो आणि शुश्रूषेसाठी मालकाला दोन नाणी देऊन परत येण्याचे वचन देतो.

खिडकीच्या खालच्या भागात ही कथा क्रमाने येते. येशू दृष्टांत सांगतो, प्रवासी नगराच्या वेशीतून बाहेर पडतो, लुटारू झाडीत दबा धरतात, पुढे एक लुटारू त्याच्या अंगावरचे वस्त्र ओढून काढतो तर दुसरा त्याच्यावर प्रहार करतो. मग याजक व लेवी, मग शोमरोनी आणि उतारशाळा. दृष्टांत येथे संपतो, परंतु खिडकी संपत नाही. त्याच्या वर, एखादा नवा विषय सुरू व्हावा तशी, उत्पत्तीच्या पुस्तकातील कथा सुरू होते. देव आदामाला घडवतो, मग हव्वेला घडवतो, झाडाचे फळ खाऊ नये अशी आज्ञा देतो. सर्पाच्या मोहाने ती मोडली जाते, देवदूत दोघांना बागेबाहेर काढतो, आदाम जमीन खणतो, हव्वा सूत कातते, आणि त्यांचा मुलगा काइन आपल्या भावाचा, हाबेलचा खून करतो. सर्वांत वर देवदूतांच्या सान्निध्यात ख्रिस्त सिंहासनावर बसला आहे.

काळाच्या हिशेबाने आधीची कथा नंतर का आली, याचे उत्तर चर्चच्या प्राचीन भाष्यपरंपरेत आहे. तिसऱ्या शतकातील ओरिजेन, पाचव्या शतकाच्या आरंभीचे संत ऑगस्टिन आणि पुढे आठव्या शतकातील बीड यांनी या दृष्टांताचा रूपकात्मक अर्थ सांगितला होता. प्रवासी म्हणजे आदाम, अर्थात सर्व मानवजात. यरुशलेम म्हणजे नंदनवन आणि यरीहो म्हणजे मर्त्य जग. लुटारू म्हणजे सैतान व त्याचे दूत. ओढून काढलेले वस्त्र म्हणजे हरवलेले अमरत्व. याजक आणि लेवी म्हणजे जुना नियम, ज्याने रोग दाखवला पण तो बरा केला नाही. शोमरोनी म्हणजे ख्रिस्त. उतारशाळा म्हणजे चर्च. आणि शोमरोन्याचे परत येण्याचे वचन म्हणजे जगाच्या अंती ख्रिस्ताचे पुनरागमन. खालच्या प्रवाशाचे नागवले जाणे आणि वरच्या आदामाचे बागेतून निघणे ही म्हणून एकाच घटनेची दोन रूपे ठरतात. दृष्टांत ही कूटकथा, उत्पत्तीची कथा तिचा उलगडा आणि शिखरावरचा ख्रिस्त हे तिचे उत्तर आहे. हाबेलच्या खुनानंतर लगेच ख्रिस्त येतो ही मांडणीही हेतुपूर्वक आहे, कारण निरपराध हाबेलचा मृत्यू ही ख्रिस्ताच्या मृत्यूची छाया मानली जात होती, आणि भावाने भावाला मारण्याच्या पापाला उत्तर म्हणूनच परक्याला भाऊ मानणारा शोमरोनी उभा राहतो.

हाच विषय सान्स आणि बूर्झ या फ्रान्समधील दुसऱ्या दोन कॅथेड्रलांतही काचेत रंगवला गेला, पण रचना निराळी आहे. सान्समध्ये दृष्टांताचे प्रसंग मध्यभागी असून प्रत्येकाभोवती त्याचा अर्थ सांगणारे प्रसंग मांडले आहेत, तर बूर्झची खिडकी नेहमीच्या रीतीच्या उलट वरून खाली वाचायची आहे. भाष्य एकच असूनही तीन ठिकाणी तीन प्रकारे ते मांडले गेले, यावरून कारागीर आणि त्यांचे मार्गदर्शक धर्मगुरू रचनेचा किती विचार करत होते, हे कळते. शार्त्रच्या खिडकीची विशेषता अशी की ती पाहणाऱ्याकडून काम करून घेते. दोन कथा वेगळ्या ठेवून त्यांचा सांधा जुळवण्याची जबाबदारी ती प्रेक्षकावर सोपवते.

दिशांचा अर्थ : तीन गुलाब खिडक्या

चक्राकार, पाकळ्यांची रचना असलेल्या मोठ्या खिडकीला गुलाब खिडकी म्हणतात. शार्त्रमध्ये अशा तीन प्रमुख खिडक्या आहेत. उत्तरेची जुन्या करारासाठी, दक्षिणेची नव्या करारासाठी आणि मावळतीकडची अंतिम न्यायासाठी योजली असल्यामुळे चर्चच्या दिशाच धर्मेतिहासाचा नकाशा बनतात.

उत्तर गुलाबाच्या केंद्रस्थानी बाल येशूसह मरीया आहे. तिच्याभोवती कबुतरे व देवदूत, त्यांच्या बाहेर चौकोनांत यहूदाचे बारा राजे आणि अगदी कडेला बारा संदेष्टे अशी वलये आहेत. निळ्या भूमीवरची फ्रेंच राजघराण्याची पिवळी लिली आणि स्पेनमधील कास्तीयच्या राजघराण्याचे किल्ल्याचे चिन्ह यांवरून ही खिडकी नवव्या लुईची आई, कास्तीयची ब्लांश, हिच्या काळी राजघराण्याच्या आश्रयाने घडली, हे समजते. गुलाबाखाली पाच उभ्या खिडक्या आहेत. मधल्या खिडकीत मरीयेची आई अन्ना लहानग्या मरीयेला घेऊन उभी आहे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना मलकीसदेक, दावीद, शलमोन व अहरोन हे राजे आणि याजक आहेत, ज्यांच्यात ख्रिस्ताच्या राजपदाची व याजकपदाची छाया पाहिली जाई. प्रत्येकाच्या पायाशी त्याचा नेमका विरोधक आहे. मलकीसदेकाच्या खाली मूर्तीपुढे वाकलेला नबुखद्नेस्सर, दावीदाच्या खाली स्वतःच्या तलवारीने प्राण देणारा शौल, शलमोनाच्या खाली सोन्याची वासरे पुजणारा यराबाम आणि अहरोनाच्या खाली घोड्यावरून कोसळणारा फारो. खऱ्या उपासनेपुढे खोटी, विनयापुढे गर्व असा हा सामना आहे, आणि केवळ वर-खाली या स्थानावरून निकाल सांगितला आहे.

सूर्य ज्या बाजूने भरभरून येतो त्या दक्षिणेच्या गुलाबात प्रकटीकरणातील वैभवशाली ख्रिस्त मध्यभागी आहे, भोवती देवदूत, चार सजीव प्राणी आणि हाती वाद्ये घेतलेले चोवीस वडीलजन आहेत. त्याखालच्या पाच खिडक्यांपैकी मधलीत मरीया व बाल येशू असून इतर चारांत एक असामान्य कल्पना साकारली आहे. जुन्या करारातील चार मोठ्या संदेष्ट्यांच्या खांद्यांवर चार शुभवर्तमानकार बसले आहेत. यिर्मयाच्या खांद्यावर लूक, यशयाच्या खांद्यावर मत्तय, यहेज्केलच्या खांद्यावर योहान आणि दानीएलच्या खांद्यावर मार्क आहे. संदेष्टे आकाराने भव्य तर शुभवर्तमानकार त्यामानाने लहान आहेत, पण उंचीवर असल्यामुळे त्यांना दूरचे दिसते. महाकायांच्या खांद्यावर बसलेल्या खुज्यांना अधिक लांबचे दिसते, हा विचार शार्त्रच्याच कॅथेड्रलच्या विद्यालयाचे बाराव्या शतकातील आचार्य बर्नार यांचा म्हणून सॉल्सबरीच्या जॉनने ११५९ मध्ये नोंदवला होता, आणि हाच जॉन पुढे शार्त्रचा बिशप झाला. या खिडक्यांचा त्या विचाराशी अभ्यासक संबंध जोडतात. जुन्या कराराविना नवा उभा राहू शकत नाही आणि नव्याविना जुन्याची दृष्टी पुरी होत नाही, ही शोमरोन्याच्या खिडकीत दोन कथांच्या जोडणीतून सांगितलेली गोष्ट येथे दोन देहांच्या जोडणीतून सांगितली आहे.

ही काच कोण वाचत असे

इ. स. ६०० च्या सुमारास पोप पहिले ग्रेगरी यांनी मार्सेयच्या बिशपला लिहिलेल्या पत्रात, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रे ही ग्रंथांची जागा घेतात, अशी भूमिका मांडली होती. त्यावरून रंगीत काच म्हणजे निरक्षरांचे बायबल, असा समज रूढ झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एमील माल या फ्रेंच विद्वानाने मध्ययुगीन प्रतिमांचा शास्त्रशुद्ध अभ्यास करून त्यांमागे विद्वान धर्मगुरूंची आखणी असल्याचे दाखवले. शोमरोन्याची खिडकी पाहता दोन्ही गोष्टी जुळवून घ्याव्या लागतात, कारण दृष्टांत कोणालाही ओळखता येईल, परंतु आदामाशी त्याचा असलेला संबंध प्रवचन ऐकल्याशिवाय उमजणार नाही. खिडकी आणि प्रवचन ही परस्परपूरक माध्यमे होती. प्रवचनाचे शब्द विरून जात आणि खिडकी त्यांची आठवण टिकवून ठेवी.

खिडक्यांच्या तळाशी पावरोटी करणारे, सुतार, चाके घडवणारे, कातड्याचे व्यापारी, नाणी बदलून देणारे असे कष्टकरी व व्यावसायिक लोक कामात मग्न दिसतात. शोमरोन्याच्या खिडकीत खाली चर्मकार आहेत. या व्यावसायिकांच्या संघांनी त्या खिडक्या दान केल्या, असे दीर्घकाळ मानले गेले. जेन वेल्च विल्यम्स यांनी १९९३ च्या आपल्या ग्रंथात या समजाला आव्हान दिले आणि धर्मसत्ता व नगरातील कारागीर यांच्यातील आर्थिक ताण लक्षात घेता ही चित्रे धर्मगुरूंच्या दृष्टीतून रंगवली गेली असावीत, असे प्रतिपादन केले. दाता कोणीही असो, जोडे शिवणाऱ्या माणसापासून सुरू होऊन आदामापर्यंत आणि तेथून ख्रिस्तापर्यंत चढणारी रचना रोजच्या श्रमाला तारणाच्या कथेत जागा देते, ही बाब महत्त्वाची आहे.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये गॉथिक शैलीचे पुनरुज्जीवन झाले, तेव्हा मध्ययुगीन खिडक्यांचा नव्याने अभ्यास होऊन रंगीत काचेचे कारखाने उभे राहिले आणि त्यांची काच ब्रिटिश अमलाखालील शहरांतही पोहोचली. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमधील खिडक्या न्यूकासलच्या विल्यम वेल्स यांच्या कारखान्यातल्या आहेत. १८५८ मध्ये अभिषेक झालेले हे चर्च शुभवर्तमानकार योहानाला वाहिलेले आहे. महाराष्ट्रातील वाचकाला हातातली चिन्हे, वलये आणि अनवाणी पाय यांची पहिली पारख अशा चर्चमध्येही करता येते, मात्र तेथेही एकेका आकृतीपाशी न थांबता शेजारची, वरची आणि खालची आकृती पाहणे तितकेच गरजेचे आहे.

शार्त्रच्या खिडक्यांचे खरे मोल या जोडण्यांत आहे. वंशवृक्ष आणि हिरवा क्रूस, जखमी प्रवासी आणि बागेतून काढलेला आदाम, संदेष्ट्याचा खांदा आणि त्यावरचा शुभवर्तमानकार, या प्रत्येक ठिकाणी एक घटना दुसरीचा अर्थ उजेडात आणते. मानवी इतिहास विखुरलेल्या प्रसंगांचा ढीग नसून त्याला आरंभ, वळण आणि गंतव्य आहे, ही ख्रिस्ती श्रद्धेची मध्यवर्ती धारणा होय, आणि बाराव्या-तेराव्या शतकांतील कारागिरांनी ती शब्दांनी सांगण्याऐवजी फलकांच्या क्रमाने सिद्ध करून दाखवली. ही धारणा मान्य असो वा नसो, वाळू, राख आणि शिसे यांच्या साहाय्याने इतका सुसंगत विचार मांडता येतो, आणि आठशे वर्षांनंतरही तो तसाच वाचता येतो, यातच या कलेच्या बौद्धिक उंचीचा पुरावा आहे.